पाहुणे घरात, चेक क्लिअरिंगमध्ये आणि कार्ड डिक्लाइन

रंकाळ्याकाठी

नमस्कार मंडळी,

रागानं लिहिते आहे. बँकेच्या कामकाजातलं ज्यांना कळतं त्यांनी सांगावं, आणि ज्यांच्यावर असं गुदरलंय त्यांनीही लिहावं.

माझा कोल्हापुरात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. यंदा एका कंपनीनं कामगारांना वाटायच्या डब्यांची ऑर्डर दिली. माल वेळेत पोचला, त्यांनीही एक लाख चाळीस हजारांचा चेक लगेच हातात ठेवला. वसुबारस शुक्रवारी होती, मी त्याच आठवड्यात सोमवारी चेक भरला. ४ ऑक्टोबरपासून चेक त्याच दिवशी वटणार असं पेपरात आलं होतं, बँकेनंही तसा मेसेज पाठवला होता. त्या भरवशावर पुढचं सगळं ठरवलं. गुरुवारी माझी नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं अमेरिकेहून यायची होती. कोविडच्या आधीपासून त्यांची दिवाळी इथं झालेली नाही. आमच्या ह्यांना बहिणीच्या हातून ओवाळून घ्यायला इतकी वर्षं मिळालं नव्हतं. ह्यांचा पगार घराच्या हप्त्यात आणि मुलाच्या फीत जातो, त्यामुळे पाहुण्यांचं सगळं माझ्या कमाईतून करायचं असं मीच म्हटलं होतं.

गुरुवारी खात्यात काही नाही. शाखेत गेले तर "क्लिअरिंगमध्ये आहे". दुसऱ्या दिवशी "समोरच्या बँकेकडून उत्तर आलेलं नाही". ज्यांनी चेक दिला त्यांच्या अकाउंटंटनी त्यांच्या बँकेत विचारलं, तिथून उत्तर आलं की "आमच्याकडे या चेकची इमेजच आलेली नाही". सोमवारी मी हे शाखेत सांगितलं, तर "नवीन सिस्टिम आहे मॅडम, सगळीकडे असंच चाललंय". मंगळवार-बुधवार लक्ष्मीपूजन आणि पाडवा, बँका बंद. पासबुकावर रक्कम दिसते, पण काढायला गेलं की नाही म्हणते.

त्यातच मधल्या रविवारी सगळ्यांना घेऊन तांबडा-पांढरा रस्सा खायला बाहेर गेलो. भाच्यांनी महिनाभर त्याचाच ध्यास घेतला होता. बिल ६,८५० रुपये. माझं डेबिट कार्ड घातलं, पिन दिला, मशीन म्हणालं डिक्लाइन. त्याच क्षणी मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज. पावती आलीच नाही. पुन्हा कार्ड घातलं तर शिल्लक अपुरी. भावजींनी पटकन त्यांचं कार्ड पुढे केलं. त्यांच्या कार्डाला मशीननं पिन मागितला, आणि त्यांच्या क्रेडिट कार्डाला पिनच नाही. शेवटी सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या. हॉटेलचे मालक ओळखीचे, ते म्हणत होते, "वहिनी, असू दे, उद्या द्या की." पण चार टेबलं आमच्याकडे बघत होती आणि भावजींचा हात त्या कार्डासकट तसाच पुढे होता. पाहुण्याला आपल्याकडे जेवायला बोलवायचं आणि बिलाला हात त्यानं घालायचा, हे मला फार लागलं. ताई काहीच बोलल्या नाहीत, त्यानं आणखीच लागलं.

चेक भाऊबिजेनंतर जमा झाला. हॉटेलचे कापलेले पैसे अजून आलेले नाहीत. याला जबाबदार कोण, आणि कुणाला धरायचं?

सांगलीचा

वहिनी, अगदी समजू शकतो. आमच्याकडे मावसभाऊ सहकुटुंब आला होता, गणपतीत. माझं कार्ड नुकतंच बदलून नवीन आलं होतं. एटीएममध्ये चालत होतं, दुकानात पिन टाकून चालत होतं, पण मुलांसाठी सिनेमाची तिकिटं ऑनलाइन काढायला गेलो तर होईना. टॅप करूनही चालेना. शाखेत कुणी सांगेना का ते. पुढे कळलं की रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. ऑनलाइन, टॅप आणि परदेशातला वापर आपण अ‍ॅपमधून चालू करून घ्यायचा. नियम चांगला आहे, चोरीपासून वाचवणारा आहे. पण नवं कार्ड हातात देताना हे एक वाक्य कुणीतरी सांगायला हवं की नाही?

तेव्हापासून पाहुणे यायच्या आधी घरात रोख ठेवतो.

हिशेबी

एक विचारू का? आजच्या काळात चेक घ्यायचाच कशाला? एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवायची सोय, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, सुट्टीच्या दिवशीही. दर अर्ध्या तासाला बॅच जाते. मोठ्या रकमांसाठीचं आरटीजीएस २०२० च्या डिसेंबरपासून तसंच. कंपनीला सांगायचं, खात्यात टाका.

रंकाळ्याकाठी

@हिशेबी, सांगून पाहिलं होतं. त्यांच्याकडे नवीन पुरवठादाराचं खातं सिस्टिममध्ये चढवायला दोन-तीन सह्या लागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर साहेब रजेवर. "ताई, चेक आत्ता देतो, खात्यावर हवे तर पुढच्या महिन्यात." घरगुती व्यवसाय करणाऱ्या बाईला समोरच्यापुढे अट घालता येत नाही. पुढची ऑर्डर जाते. जो कागद हातात मिळतो तो घ्यावा लागतो, आणि तो कागदही कायद्यानं मान्य असलेलाच आहे. मग तो वटवण्याचं काम ज्यांचं, त्यांनी ते करावं एवढंच माझं म्हणणं.

काउंटरपलीकडून

बँकेत तीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झालो, त्यातली बरीच क्लिअरिंग विभागात. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

चेक आता कागद म्हणून कुठे जात नाही. तुमच्या शाखेत, किंवा शाखांचे चेक एकत्र करून जिथे स्कॅन होतात तिथे, त्याची इमेज काढली जाते. खालची ती विशिष्ट शाईतली आकड्यांची पट्टी वाचली जाते आणि इमेज समोरच्या बँकेला जाते. पूर्वी दिवसभराचे चेक गठ्ठ्यानं जायचे आणि निकाल दुसऱ्या दिवशी यायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून गठ्ठा नाही. ठरलेल्या वेळेत जसजसे स्कॅन होतील तसतसे जातात, आणि समोरच्या बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत हो किंवा नाही सांगायचं.

आता यातली कळीची गोष्ट. समोरच्या बँकेनं सातपर्यंत काहीच सांगितलं नाही, तर तो चेक मंजूर झाला असं धरलं जातं. म्हणजे "समोरच्या बँकेकडून उत्तर आलेलं नाही" हे नव्या पद्धतीत कारण म्हणून टिकतच नाही. उत्तर न येणं हेच उत्तर आहे. आणि बँकांचा आपसातला हिशेब (सेटलमेंट) झाल्यावर तुमच्या बँकेनं तासाभरात खात्यात पैसे मोकळे करायचे असतात.

तुम्हाला समोरून कळलं की इमेजच आलेली नाही. ते खरं असेल तर चेक तुमच्याच बँकेच्या बाजूला पडून होता. ड्रॉप बॉक्समध्ये टाकला म्हणजे चेक सादर झाला असं होत नाही. पेटी उघडायची वेळ ठरलेली असते, त्यानंतर टाकलेला दुसऱ्या दिवशीचा धरतात. सणाच्या आठवड्यात माणसं कमी, कधी इमेज अस्पष्ट म्हणून सिस्टिम ती परत टाकते आणि ती पुन्हा स्कॅन करायची कुणी बघत नाही. शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत या नव्या यंत्रणेत सगळीकडेच अडचणी आल्या, त्याच्या बातम्याही आल्या. नवीन यंत्रणेत गोंधळ होतो हे मी समजू शकतो. ग्राहकाला तीन वेगळी कारणं सांगितली जातात हे मात्र मला पटत नाही. स्वतः काउंटरच्या त्या बाजूला उभा राहिलेलो आहे. "मला माहीत नाही, बघून सांगतो" असं म्हणायला एक मिनिट लागतं.

तुमचं खातं लहान सहकारी बँकेत असेल तर आणखी एक टप्पा असतो. अशा बऱ्याच बँका क्लिअरिंगच्या थेट सभासद नसतात, एखाद्या मोठ्या बँकेमार्फत चेक पाठवतात. तिथेही वेळ जातो. आपल्या भागात हे खूप आहे.

पासबुकावर दिसणारी रक्कम आणि काढता येणारी रक्कम वेगळी असते. चेक भरल्याची नोंद होते, पण तो वटेपर्यंत ती रक्कम अडवून ठेवलेली असते. म्हणून अ‍ॅपमध्ये उपलब्ध शिल्लक कोणती ते वेगळं बघायचं, आणि कार्ड तेवढ्याच पैशांना चालणार हे धरायचं.

काय करायचं ते सांगतो. शाखेला एक पत्र द्या, पोच घ्या. त्यात एकच प्रश्न: माझा चेक कोणत्या तारखेला आणि किती वाजता क्लिअरिंगला सादर झाला? ही नोंद त्यांच्याकडे असतेच. दुसरं, प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं धोरण असतं, ते वेबसाइटवर ठेवलेलं असतं. उशीर झाला तर व्याज किती द्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ते मागा.

हिशेबी

व्याज किती होईल हो? बचत खात्याच्या दरानं आठवड्याभराचे शंभर रुपयेसुद्धा होणार नाहीत. त्यासाठी पत्र, पोच, फेऱ्या. रिक्षालाच जास्त जातील.

काउंटरपलीकडून

@हिशेबी, रक्कम शंभराच्या आतच होईल, बरोबर. तरी मी पत्र द्या म्हणतो, कारण तोंडी तक्रारीची कुठेही नोंद होत नाही. शाखेचं ऑडिट होतं तेव्हा लेखी तक्रारी बघितल्या जातात. व्याज दिलं की ती रक्कम कोणत्या तरी खात्यावर खर्ची पडते आणि वरून विचारणा होते की हे का द्यावं लागलं. शाखा सुधारतात त्या अशानं. ही गोष्ट मी आतून पाहिलेली आहे.

आणि हॉटेलच्या कार्डाचं तर फार स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. दुकानातल्या मशीनवर कार्ड वापरलं, खात्यातून पैसे गेले पण दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे परत यायला हवेत. नाही आले तर सहाव्या दिवसापासून रोज शंभर रुपये भरपाई. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खातं वजा झालं, तरी हेच. आयएमपीएस (मोबाइलवरून लगेच पैसे पाठवायची बँकेची सोय) किंवा एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाणारं यूपीआय अडकलं तर मुदत एका दिवसाचीच.

यात दोन गोष्टी लोकांना सांगितल्या जात नाहीत. हे पाच दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नाहीत. लक्ष्मीपूजन, पाडवा, रविवार सगळे धरून. आणि भरपाई ग्राहकानं न मागता बँकेनं आपणहून द्यायची आहे. तुमचा व्यवहार रविवारी १९ तारखेचा, म्हणजे शुक्रवार २४ ला मुदत संपली. पत्रात व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि हे परिपत्रक नमूद करा. हॉटेलवाल्यांकडून त्यांच्या मशीनच्या त्या दिवसाच्या हिशेबाची चिठ्ठी मिळाली तर फारच उत्तम, तुमचे पैसे त्यांना मिळाले नाहीत हे त्यावरून दिसतं.

रंकाळ्याकाठी

मनापासून धन्यवाद. "उत्तर न येणं हेच उत्तर" हे मला कुणी सांगितलं असतं तर मी शाखेतच विचारलं असतं. हॉटेलच्या मालकांना फोन केला, ते चिठ्ठी द्यायला तयार आहेत. उद्याच पत्र देते.

एडिसनवासी

दुसऱ्या बाजूनं लिहिते, कारण मी ती पाहुणी आहे. दर दोन-तीन वर्षांनी न्यू जर्सीहून साताऱ्याला माहेरी येते.

तुमच्या भावजींचं कार्ड का चाललं नाही ते सांगते. इकडच्या क्रेडिट कार्डांना बहुतेक वेळा पिन नसतोच. इथे चिप घालायची किंवा टॅप करायचं, झालं. भारतातलं मशीन पिन मागतं. काही मशिनांवर पिन न टाकता नुसतं हिरवं बटण दाबलं तर व्यवहार पुढे जातो, काहींवर नाही, आणि दुकानदार बिचारा घाबरतो. त्यावर माझा उपाय म्हणजे डेबिट कार्ड आणायचं, त्याला पिन असतो, आणि एटीएममधून रुपये काढायचे. एटीएम विचारतं की रक्कम डॉलरमध्ये बदलून दाखवू का, तिथे नको म्हणायचं, रुपयांतच घ्यायचं. त्या मशीनचा दर नेहमी महाग पडतो.

दुसरा घोळ ओटीपीचा. आमची बँक भारतातला व्यवहार बघून संशयानं कार्ड अडवते आणि अमेरिकेच्या नंबरवर विचारणा पाठवते. तो फोन रोमिंगशिवाय बंद पडलेला. मागच्या खेपेला वडिलांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, अनामत रक्कम मी भरते म्हटलं आणि काउंटरवर उभी राहून कार्ड अडकलं. भावानं भरली. वडील आत, आणि मी फोनवर परक्या देशातल्या मुलीला माझ्या आईचं माहेरचं आडनाव सांगते आहे. त्यामुळे रंकाळ्याकाठी, तुमच्या ताई गप्प बसल्या त्याचं कारण मला माहीत आहे असं वाटतं. त्यांनाही तितकंच लागलं असणार. माहेरी आल्यावर आपण दोन पैसे खर्च करावेत अशी आमची इच्छा असते आणि तेवढ्यातच मशीन नाही म्हणतं.

आता उलट्या दिशेचं. सासू-सासरे पहिल्यांदा एडिसनला आले तेव्हा आम्ही नुकतं नवीन बँकेत खातं उघडलं होतं. नवऱ्याच्या कंपनीनं बदलीच्या खर्चाचा चेक दिला, तो फोनवरून फोटो काढून भरला, आणि तो अडवून ठेवला. अमेरिकेत यासाठी १९८७ चा कायदा आहे. शाखेत भरलेल्या चेकपैकी पहिली ठरावीक रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी मोकळी करावी लागते. ती आधी २२५ डॉलर होती, १ जुलै २०२५ पासून २७५ झाली. बाकीची साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत. पण खातं तीस दिवसांच्या आतलं असेल, चेक मोठा असेल किंवा बँकेला शंका असेल तर त्याहून बराच जास्त वेळ ठेवता येतो. फोनवरून भरलेल्या चेकला तर बँकेच्या स्वतःच्या अटी लागतात. शुक्रवार धरून शनिवार-रविवार गेला की आठवडा जातो. त्या आठवड्यात नायगारा ठरला होता. हॉटेलनं डेबिट कार्डावर खोलीच्या भाड्याशिवाय आणखी रक्कम अडवली, पेट्रोल पंपावर टाकी भरायच्या आधीच मशीननं मोठी रक्कम अडवली, ती काही पंपांवर १७५ डॉलरपर्यंत जाते. पेट्रोल घेतलं चाळीसचं. अडवलेले पैसे दोन-तीन दिवस परत येत नाहीत. खात्यात पैसे असून वापरता येत नाहीत. आता प्रवासात हॉटेलला आणि पंपावर क्रेडिट कार्डच द्यायचं, डेबिट कधीच नाही, हा घरचा नियम.

तारकर्ली_न्याहारी

आमचा घरगुती निवास आहे, चार खोल्या. म्हणजे पाहुणे हाच धंदा. दिवाळीची सुट्टी ते नाताळ, हाच कमाईचा काळ. तुम्ही सगळे लिहिताय ते ग्राहक म्हणून, आमची अडचण जरा वेगळी, ती सांगतो.

पाहुणे रात्री क्यूआरवर पैसे भरतात. मशीन "पैसे प्राप्त झाले" म्हणून ओरडतं. पण कार्ड मशीनचे आणि काही क्यूआरचे पैसे लगेच खात्यात येत नाहीत, दुसऱ्या दिवशी जमा होतात. मालवणच्या बाजारात सकाळी लिलावाला मासळी रोखीनं घ्यावी लागते. सुरमई, सरंगा घेणारी बाई मशीन घेऊन बसलेली नाही, तिलाही बोटवाल्याला रोखच द्यायची असते. सकाळी सहाला एटीएमला गेलो तर नोटा नाहीत. लांब सुट्टीच्या शनिवारी हे ठरलेलं. एटीएम महिन्यात एकूण दहा तासांपेक्षा जास्त वेळ नोटांविना राहिलं तर बँकेला दहा हजार दंड, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आहे म्हणे. आमच्या बाजूचं एटीएम बघायला कोण येतो देव जाणे.

मग पाहुण्याला जेवणात मासा मिळत नाही, तो ऑनलाइन लिहितो "जेवण निराशाजनक". ते वाक्य वर्षभर राहतं तिथे.

आणि नेटवर्क. किनाऱ्यावर सुट्टीत हजारो फोन एकाच टॉवरवर. पाहुण्याच्या खात्यातून पैसे जातात, आमच्याकडे येत नाहीत. तो मेसेज दाखवतो, खरा माणूस आहे हे तोंडावरून कळतं, मी त्याला कधी अडवत नाही. आजवर एकानंही बुडवलेलं नाही, हेही लिहायलाच हवं. पण माझी बायको अशा वेळी किती अवघडते ते मला माहीत. पैसे मागायचे, तेही आपल्या घरी जेवलेल्या माणसाकडे.

एक उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. यूपीआय लाइट. फोनमध्येच पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते, एका वेळी हजारापर्यंत बिनपिनचा व्यवहार. बँकेचा सर्व्हर बसलेला असला तरी हे बऱ्याचदा चालतं. मी पाहुण्यांना येण्याआधीच सांगतो, लाइट भरून या आणि थोडी रोख आणा.

शुभदा_ना

वाचते आहे सगळं. माझा अनुभव वेगळा आणि जास्त कडू आहे, लिहू की नको करत होते.

बहिणीचं लग्न ठरलेलं, घरात चुलत-मावस मिळून माणसं उतरलेली. बाबांचे सगळे पैसे गावातल्या एका सहकारी बँकेत. हळदीच्या काही दिवस आधी बातमी आली की बँकेवर निर्बंध आले, ठरावीक रकमेच्या वर काढता येणार नाही. बँकेच्या दारात रांग, पोलीस, म्हातारी माणसं उन्हात. मंगल कार्यालयाचे, आचाऱ्याचे, बँडचे पैसे द्यायचे. बाबा कुणाशी बोलेनात. तेव्हा आलेल्या पाहुण्यांनीच आपापसात ठरवून आचाऱ्याचे पैसे परस्पर दिले, बाबांना कळूही दिलं नाही. नंतर प्रत्येकाचे फेडले. पण बाबांनी त्यानंतर कुणाच्या लग्नाला जाताना मान वर केली नाही.

ज्यांचं खातं लहान बँकेत आहे त्यांनी हे माहीत करून घ्या. ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत आहे, २०२० पासून. आणि २०२१ च्या कायद्यातल्या बदलानंतर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ती रक्कम मिळायला हवी. आम्हाला मिळाली. पण लग्न नव्वद दिवस थांबत नसतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाही नाही. कार्याचे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका, हात जोडून सांगते.

सांगलीचा

@शुभदा_ना, वाचून गलबललं. बाबांना नमस्कार सांगा.

हिशेबी

शुभदाताई, माझं आधीचं "चेक कशाला घ्यायचा" मागे घेतो. लोकांपुढे पर्याय किती कमी असतात ते तुमचं वाचून जाणवलं.

एक शंका. नाताळात माझा चुलतभाऊ कॅनडाहून येतोय, बायको तिकडचीच. इथे दोघांकडेही यूपीआय नाही. काही करता येईल का?

एडिसनवासी

@हिशेबी, भावाचं भारतात एनआरओ किंवा एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, खातं असेल तर कॅनडाच्या नंबरावरसुद्धा यूपीआय चालू करता येतं. २०२३ पासून काही देशांच्या नंबरांना ती मुभा आहे आणि कॅनडा त्यात आहे. मात्र तो नंबर बँकेत नोंदलेला हवा, आणि सगळ्या बँका व अ‍ॅप ही सोय देत नाहीत. तिथूनच करून यायला सांगा. नवीन यूपीआयला पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते, विमानातून उतरून चालू केलं तर पहिला दिवस फुकट जातो.

त्याच्या बायकोसाठी यूपीआय वन वर्ल्ड आहे. परदेशी पाहुण्यांसाठी पैसे भरून ठेवायचं वॉलेट, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून मिळतं. भारतातलं बँक खातं लागत नाही. दुकानांत क्यूआरवर चालतं, माणसाला माणसानं पैसे पाठवता येत नाहीत. तुमच्याकडच्या मोलकरणीला बक्षिसी द्यायची तर रोखच लागेल.

रंकाळ्याकाठी

मंडळी, नोव्हेंबर संपत आला, काय झालं ते सांगायला आले.

हॉटेलचे ६,८५० परत आले. आणि काउंटरपलीकडून यांनी सांगितलं तसं पत्र दिल्यावर मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपयेही जमा झाले. कुणी आपणहून दिले नाहीत, परिपत्रकाची तारीख लिहिल्यावर दिले. सासूबाईंचे पैसे मी त्यांच्या पिशवीत परत ठेवले, घेत नव्हत्या, ठेवलेच. ताईंना भाऊबिजेला घ्यायची राहिलेली साडी महाद्वार रोडवरून घेऊन कुरिअर केली. हिरवी इरकल. त्यांनी नेसून फोटो पाठवला आणि सोबत एडिसनवासींनी लिहिलं तेच लिहिलं, की त्या रात्री हॉटेलात त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, भावाच्या घरी आपण ओझं होतोय की काय असं वाटलं. आम्ही दोघी एकाच गोष्टीनं गप्प होतो. फोनवर तासभर बोललो.

चेकचं मात्र उत्तर नाही. "सादर कधी झाला" एवढाच प्रश्न होता, त्याला शाखेनं "तांत्रिक कारणामुळे विलंब, गैरसोयीबद्दल दिलगीर" असं छापील पत्र दिलं. तारीख नाही, वेळ नाही, व्याज नाही. पत्राला तीस दिवस होऊन गेलेत. आता पुढे काय?

काउंटरपलीकडून

आता लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडे जायचं. २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी एकच योजना आहे. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार करता येते, मराठीत लिहिली तरी चालते, फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर फोन करा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, या दोन्ही कारणांनी तक्रार घेतली जाते.

जोडायचं काय: चेक भरल्याच्या स्लिपचा फोटो, खात्याचा त्या दोन आठवड्यांचा उतारा, तुमच्या पत्राची पोच आणि ते छापील उत्तर. चेक देणाऱ्या कंपनीच्या खात्यातून रक्कम कोणत्या तारखेला गेली ते त्यांच्या अकाउंटंटकडून लिहून आणा. त्या तारखेवरून इमेज कधी पोचली ते उघड होईल, तुमच्या शाखेनं सांगो वा न सांगो. मागणी दोन ओळींत लिहा: सादर केल्याची तारीख-वेळ आणि धोरणाप्रमाणे व्याज. त्या दिवसांत झालेला त्रास आणि वेळ याबद्दलही लिहा. योजनेत मनस्तापासाठीही भरपाईची तरतूद आहे. मिळेलच असं मी म्हणत नाही, पण मागितल्याशिवाय तर त्याचा विचारच होत नाही.

रंकाळ्याकाठी

अकाउंटंटना आत्ताच फोन केला. रक्कम त्यांच्या खात्यातून गेली ती तारीख गुरुवार २३ ऑक्टोबर. म्हणजे सोमवार १३ ला भरलेला चेक पुढे सरकला तो भाऊबिजेच्या दिवशी. ते लेटरहेडवर लिहून देतायत, संध्याकाळी मुलाला पाठवून आणते आणि आजच तक्रार टाकते. क्रमांक मिळाला की इथे लिहीन.

तारकर्ली_न्याहारी

टाका ताई. आणि ते छापील उत्तराचं पत्र आम्हालाही दाखवा, नाव-गाव झाकून. माझ्याकडेही तसलंच एक आहे, मीही आज बसतोच लिहायला.